आजीचं लुगडं कापायच्या आधी

ज्यांना हेडफोन लावून ऐकायला वेळ नाही, त्यांच्यासाठी हा भाग लेखी. विषय आहे गोधडी. पांघरायची नाही, भिंतीवर लावायची.

आजी गेल्यावर तिची दोन सुती लुगडी आमच्या यवतमाळच्या घरी पेटीत राहिली. आईला त्यांची गोधडी करायची आहे आणि रंग जुळवायचं काम माझ्याकडे आलंय. दिवसभर कोड लिहिणाऱ्याला कंट्रोल-झेडची सवय असते. कात्रीला ते बटण नाही.

आधी कापड. आपला जिल्हा कापसाचा, तरी घरातलं चिंध्यांचं गाठोडं सोडलं की पॉलिस्टरच जास्त निघतं! ते सुती कापडाशेजारी शिवताना सरकतं, शिवण गोळा होते. वर्षानुवर्षं धुतलेलं लुगडं मऊ असतं, सुई आरामात जाते. पण तेच जाड जीन्सला जोडलं तर ताण पडून जोडाजवळ फाटतं. म्हणून विरलेल्या भागाला मागून मलमलीचं अस्तर द्यायचं. नवं सुती कापड आधी धुवून घ्या, नाहीतर नंतर तेवढंच आटतं. लाल तुकडा ओला करून पांढऱ्या रुमालावर घासा. रुमाल गुलाबी झाला तर तो पांढऱ्याशेजारी नको.

आता रंग, आणि खरी गंमत इथेच आहे. आपण लाल, हिरवा अशी नावं घेऊन जुळवतो, पण लांबून नक्षी उठते ती उजळ-गडद फरकामुळे. तुकडे जमिनीवर मांडा, फोटो काढा, फोनमधला ब्लॅक अँड व्हाइट फिल्टर लावा. आमचं कुंकवाच्या रंगाचं आणि गडद हिरवं लुगडं त्यात जवळपास एकाच राखाडी रंगाचं निघालं. फक्त या दोघांची नक्षी केली असती तर संध्याकाळच्या उजेडात ती दिसलीच नसती. मध्ये फिकट काहीतरी हवं होतं. आईने आजोबांचं धोतर काढलं. प्रश्न मिटला.

मांडणी आधी कागदावर काढायलाच पाहिजे असं नाही बरं का. कर्नाटकात हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी बायका कवंदी शिवतात ती कडेपासून, गोल फिरत मध्याकडे येतात, आणि पुढचा तुकडा शिवता शिवता ठरतो. कोपऱ्यांवर त्रिकोणी घड्या घालतात, त्यांना ‘फुला’ म्हणतात.

फिकट पडलेला भाग टाकायचा का? मी ठेवणार. अमेरिकेत अलाबामातल्या जीज बेंड गावी मिझुरी पेटवे या बाईने १९४२ मध्ये, नवरा गेल्यावर, त्याच्या कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली. कपड्यांवरचे डाग आणि उडालेला रंग तिच्यात तसेच आहेत. आजीच्या लुगड्याचाही खांद्यावरचा रंग उन्हाने उडालाय. तोच तुकडा मध्यभागी घेतोय.

काठावरून मात्र घरात दोन मतं आहेत. आई म्हणते चारी बाजूंनी, मी म्हणतो मधोमध उभी पट्टी. रविवारी दोन्ही मांडून फोटो काढतो, मग कात्री.