एका डिस्कवर दोन कुलपे: विंडोज आणि लिनक्स शेजारी असताना डिस्क एन्क्रिप्शन

एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स अशा दोन कार्यप्रणाली असतील, तर डिस्क एन्क्रिप्ट कशी करावी आणि ते काम नेमके कुठे फसते, हे या टिपणात पाहू. उदाहरण बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक क्षेत्राचे घेऊ.

पीण्या शहराच्या वायव्येला आहे. भोसरी किंवा बेळगावची उद्यमबाग पाहिलेल्याला ते ओळखीचे वाटेल: लेथ, सीएनसी, प्रेस, डाय बनवणारे, पावडर कोटिंगवाले, असे हजारो लहान कारखाने एकमेकांना खेटून उभे आहेत. १९ एप्रिल १९७५ रोजी अवकाशात गेलेला ‘आर्यभट’ हा आपला पहिला उपग्रह इथल्याच औद्योगिक शेडमध्ये तयार झाला होता. समजा, तुम्ही अशाच एका कारखान्यात इंटर्नशिपला गेला आहात. तिथले कॅड सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालते. कॉलेजचा रोबोटिक्सचा प्रकल्प मात्र लिनक्सवर आहे. म्हणून तुमच्या लॅपटॉपवर दोन्ही प्रणाली आहेत, आणि त्यातच आता ग्राहकाच्या सुट्या भागांची ड्रॉइंग येऊ लागली. ती ड्रॉइंग तुमची नाहीत, खरे तर कारखान्याचीही नाहीत. ज्या कंपनीने काम दिले तिची आहेत. बॅग मेट्रोत राहिली तर लॅपटॉपची किंमत तुम्ही भराल. ड्रॉइंगची किंमत कोण भरणार?

लॉगिनचा पासवर्ड इथे कामाचा नाही. तो चालू असलेल्या विंडोजला थांबवतो, डिस्कला नाही. पेन ड्राइव्हवरून दुसरी लिनक्स सुरू केली, किंवा डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली, की सगळ्या फाइल समोर येतात. डिस्कवरचा मजकूरच कूटबद्ध असेल तरच ही वाट बंद होते.

दोन प्रणाली, दोन वेगळी कुलपे

विंडोजचे कुलूप म्हणजे बिटलॉकर, लिनक्सचे लक्स. दोन्ही आपापल्या पार्टिशनपुरती चालतात. लिनक्सवरची क्रिप्टसेटअप ही आज्ञा २०२० सालच्या २.३ आवृत्तीपासून बिटलॉकरचे पार्टिशन किल्ली दिल्यास उघडू शकते. विंडोजला लक्स मुळीच कळत नाही. बाहेरची लक्स डिस्क जोडली तर विंडोज ‘फॉरमॅट करू का?’ असे विचारते. इथे सवयीने ‘हो’ दाबू नका.

काही भाग मात्र उघडाच राहतो. यंत्र सुरू होताना फर्मवेअर जे पार्टिशन वाचते ते, म्हणजे ईएफआय पार्टिशन, कूटबद्ध नसते. लिनक्सचे बूट पार्टिशनही बहुतेक मांडण्यांत उघडे असते. तिथे तुमच्या फाइल नसतात, पण सुरुवातीचा प्रोग्राम असतो. तो कोणी बदलून ठेवला तर? सिक्युअर बूट आणि टीपीएम ही चिप याच शंकेसाठी आहेत, आणि दोन प्रणाली असलेल्यांची बहुतेक डोकेदुखी इथेच सुरू होते.

विंडोज अचानक किल्ली का मागते

बिटलॉकरची किल्ली टीपीएममध्ये एका अटीवर बंद केलेली असते. यंत्र सुरू होताना प्रत्येक टप्पा पुढच्या टप्प्याचे मोजमाप घेतो आणि ते टीपीएमच्या नोंदखणात मिसळतो. मिसळणे म्हणजे जुनी नोंद आणि नवे मोजमाप एकत्र करून त्यांचा हॅश काढणे. त्यामुळे नोंद मागे फिरवता येत नाही, आणि क्रम बदलला तरी उत्तर बदलते. शेवटचे उत्तर ठरलेल्या उत्तराशी जुळले तरच टीपीएम किल्ली सोडते. म्हणूनच रोज विंडोज सुरू करताना तुम्हाला बिटलॉकरचा पासवर्ड विचारला जात नाही.

आता लिनक्स आली, आणि तिच्याबरोबर ग्रब हा बूटलोडर. तुम्ही ग्रबच्या यादीतून विंडोज निवडलीत. फाइल त्याच, विंडोज तीच, पण वाट वेगळी. सिक्युअर बूट चालू असताना सातव्या नोंदखणात कोणत्या प्रमाणपत्राच्या आधारे प्रोग्राम तपासला गेला हेही उतरते, आणि ग्रबच्या आधी चालणाऱ्या शिमचे प्रमाणपत्र विंडोजच्या प्रमाणपत्राहून वेगळे असते. नोंद जुळत नाही. निळा पडदा येतो आणि ४८ अंकी रिकव्हरी किल्ली मागतो. काही बिघडलेले नसते. कुलूप सांगितले तसेच वागत असते. उपाय साधा आहे: विंडोज ग्रबमधून सुरू करू नका, फर्मवेअरच्या बूट मेनूतून करा. तो मेनू यंत्राप्रमाणे एफ १२, एफ ९ किंवा दुसऱ्या एखाद्या कळीवर असतो.

सिक्युअर बूट चालू-बंद केले तरी हेच होते. बायोस अद्ययावत केल्यावरही होऊ शकते. लिनक्समधून फर्मवेअरची अद्यतने घेताना नाकारलेल्या प्रमाणपत्रांची यादी बदलते, आणि दुसऱ्या दिवशी विंडोज किल्ली मागते; दोन्हींचा संबंध पटकन लक्षात येत नाही. उलट्या दिशेचे उदाहरण ऑगस्ट २०२४ चे. त्या महिन्याच्या विंडोज अद्यतनानंतर दोन प्रणाली असलेल्या अनेक यंत्रांवर लिनक्स सुरूच होईना, कारण जुने शिम नाकारले जाऊ लागले. अशा वेळी घाईत सिक्युअर बूट बंद केले की लिनक्स उठते खरी, पण बिटलॉकर अडून बसतो.

असा बदल मुद्दाम करणार असाल, तर आधी विंडोजमधून बिटलॉकर तात्पुरता स्थगित करा. स्थगित करणे म्हणजे उलगडणे नव्हे. मजकूर कूटबद्धच राहतो, फक्त किल्ली काही काळ डिस्कवर उघडी ठेवली जाते. काम झाल्यावर तो पुन्हा चालू झाला आहे याची खात्री करून घ्या.

रिकव्हरी किल्ली हातात आहे का?

बाकी काही करण्याआधी हे तपासा. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून, मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलेल्या नव्या यंत्रांवर एन्क्रिप्शन आपोआप चालू होते. म्हणजे तुमची डिस्क तुमच्या नकळत आधीच कुलूपबंद असू शकते. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी विभागात ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ पाहा. किल्लीची प्रत ज्या खात्याने लॉगिन केले त्या खात्यात जाते. ते खाते कॉलेजने दिलेले असेल तर पदवीनंतर ते बंद झाल्यावर किल्लीही गेली. माझे मत विचाराल तर, किल्ली कागदावर लिहून घरी ठेवावी. त्याच लॅपटॉपवर ठेवलेली प्रत म्हणजे कपाटाची किल्ली कपाटातच.

कागदावर उतरवताना चूक होईल ही भीती असेल, तर एक गंमत उपयोगी पडते. ४८ अंक म्हणजे सहा-सहा अंकांचे आठ गट, आणि प्रत्येक गटाला ११ ने निःशेष भाग जातो. उदाहरणार्थ १३५७९५ ला ११ ने भागले की १२३४५ येतात. भागाकार १६ बिटांत मावतो. आठ गट मिळून १२८ बिट झाले. एखादा अंक चुकला, किंवा शेजारचे दोन वेगळे अंक उलटसुलट झाले, तर बाकी उरतेच. (का, ते दहाच्या घातांना ११ ने भागून स्वतः पडताळून पाहा.) लिहून झाल्यावर आठ भागाकार करा, दोन मिनिटांचे काम आहे.

या किल्लीचे मोल १९ जुलै २०२४ ला जगाला कळले. क्राउडस्ट्राइकच्या सदोष अद्यतनाने मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे बंद पडली. इलाज एक फाइल पुसण्याचा होता. पण बिटलॉकर असलेल्या यंत्रावर ती फाइल गाठण्यासाठी आधी त्या यंत्राची किल्ली शोधावी लागत होती.

प्रत्यक्ष मांडणी

आधी बॅकअप, बाहेरच्या डिस्कवर. मग विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून विंडोजचे पार्टिशन लहान करा. लिनक्सच्या इन्स्टॉलरला बंद बिटलॉकर पार्टिशनचा आकार बदलता येत नाही. मोकळी झालेली जागा तशीच, फॉरमॅट न करता सोडा. विंडोजमधील ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा, नाहीतर विंडोज पूर्ण बंद न होता अर्धवट झोपते आणि तिचे पार्टिशन लिनक्समधून लिहिण्याजोगे राहत नाही.

लिनक्स बसवताना सर्वांत मोठा धोका एका बटणाचा आहे. उबुंटूच्या बऱ्याच आवृत्त्यांत एन्क्रिप्शनचा सोपा पर्याय फक्त ‘संपूर्ण डिस्क पुसा’ याच्याबरोबर येतो. तो निवडलात तर विंडोज, कॅड आणि ड्रॉइंग सगळे जाते. फेडोराचा इन्स्टॉलर मोकळ्या जागेत लक्ससह बसू शकतो, म्हणून नवख्याला मी तो सुचवेन. इतरत्र पार्टिशन हाताने करा: सध्याचे ईएफआय पार्टिशन फॉरमॅट न करता वापरा, एक लहान बूट पार्टिशन, आणि उरलेल्या जागेत लक्स. स्वॅपही लक्सच्या आतच हवे, कारण मेमरीतला मजकूर, कधी कधी पासवर्डसुद्धा, तिथे उतरतो.

लक्सचा पासफ्रेज देवनागरीत ठेवू नका. तो विचारला जातो तेव्हा मराठी टंकलेखनाची सोय अजून सुरू झालेली नसते. रोमन लिपीत चार-पाच असंबद्ध शब्द पुरेत.

पासफ्रेजने डिस्क थेट कूटबद्ध होत नाही. डिस्कची खरी किल्ली यादृच्छिक असते, आणि ती पासफ्रेजने बंद करून पार्टिशनच्या सुरुवातीला, हेडरमधल्या एका खाचेत ठेवलेली असते. लक्सच्या दुसऱ्या आवृत्तीत अशा ३२ पर्यंत खाचा असू शकतात. म्हणून पासफ्रेज बदलायला क्षणभरच लागतो, अख्खी डिस्क पुन्हा लिहावी लागत नाही. पण हेडर बिघडले तर पासफ्रेज आठवत असूनही एक अक्षर परत मिळत नाही. क्रिप्टसेटअपमध्ये हेडरचा बॅकअप घेण्याची सोय आहे. तो घ्या आणि दुसऱ्या माध्यमावर ठेवा.

दोन्हीकडून लागणाऱ्या फाइलींसाठी बहुतेक जण एक तिसरे पार्टिशन करतात आणि ते उघडे सोडतात. ड्रॉइंग नेमकी तिथेच जाऊन पडतात, मग दोन्ही कुलपांना अर्थ काय? ते पार्टिशन बिटलॉकरने बंद करून लिनक्समधून किल्लीने उघडा, किंवा दोन्हीकडे चालणारे व्हेराक्रिप्ट वापरा. व्हेराक्रिप्ट मला जास्त सोयीचे वाटते, कारण त्याचा टीपीएमशी संबंध नसतो.

लॅपटॉप चालू असताना किंवा नुसते झाकण मिटून झोपवलेला असताना किल्ली मेमरीत असते. मेट्रोत चढण्यापूर्वी तो पूर्ण बंद करा.

इंटर्नशिप संपल्यावर लिनक्सच्या बाजूचे काम नष्ट करायचे असेल, तर लक्सच्या सगळ्या खाचा पुसणारी आज्ञा क्रिप्टसेटअपमध्येच आहे. एका क्षणात ते पार्टिशन कायमचे न वाचता येणारे होते आणि विंडोजला धक्काही लागत नाही. फक्त हेडरचा तो बॅकअप आठवणीने नष्ट करा. तो शिल्लक असेल तर जुन्या पासफ्रेजने सगळे पुन्हा उघडते.