सहलीची चूल : कोणती घ्यावी व कशी वापरावी

सहलीचे दिवस जवळ आले कीं घरोघर गडबड उडते. कोणी पिशव्या भरतो, कोणी दोऱ्या मोजतो, आणि आई चिवड्याचा डबा भरतां भरतां विचारते, "पण रांधणार कशावर?" या प्रश्नाचें उत्तर बहुतेक मुलांपाशीं तयार नसतें. तें तयार असावें, एवढ्याच हेतूनें आम्ही हा लेख लिहीत आहों.

मुळशीचेंच उदाहरण घेऊं. पुण्याहून पौडमार्गें गेलें कीं मुळा नदीवरील धरणाचा विस्तीर्ण जलाशय लागतो, व त्यापुढें ताम्हिणीचा घाट. येथें पावसाळ्यांत पाऊस अक्षरशः कोसळतो, वारा चोहोंकडून येतो, आणि रानांत कोरडी काटकी म्हणून सांपडत नाहीं. हिवाळा सरला कीं याच्या उलट; गवत वाळून कडकडीत होतें व एका ठिणगीनें वणवा पेटतो. म्हणून चूल निवडतांना तीन गोष्टी पाहाव्या : ती ओलाव्यांत पेटते काय, वाऱ्यांत टिकते काय, आणि आपल्या ताब्यांत राहते काय.

तीन दगडांची चूल सर्वांच्या परिचयाची. तिला पैसा लागत नाहीं, पण सरपण लागतें. ओल्या लांकडाची बरीच उष्णता त्यांतील पाण्याची वाफ करण्यांतच खर्च होते. म्हणून धूर फार व आंच थोडी. शिवाय रानांतील झाडें तोडण्याचा आपणांस अधिकार नाहीं. ताम्हिणीचें रान २०१३ पासून अभयारण्य आहे, आणि अभयारण्यास धोका पोंचेल असा विस्तव पेटविण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें मनाई आहे. चूल पेटवावयाचीच तर ती गांवांतील एखाद्या अंगणांत, घरधन्याच्या परवानगीनें व विकत घेतलेल्या सरपणावर पेटवावी.

दुसरा प्रकार पंपाच्या स्टोव्हचा. पुष्कळांच्या आजीच्या घरीं माळ्यावर हा पितळी स्टोव्ह अजून सांपडेल. स्वीडनमधील फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट यांनीं १८९२ च्या सुमारास तो प्रचारांत आणला. त्याची युक्ति सुंदर आहे. पंपानें टाकींत हवा कोंडली कीं तिच्या दाबानें रॉकेल नळीनें वर चढतें. तापलेल्या बर्नरमध्यें त्याची वाफ होते. ती बारीक छिद्रांतून बाहेर पडून हवेंत मिसळते व निळ्या ज्योतीनें जळते. म्हणून भांड्यास काजळी धरत नाहीं. मात्र आधीं स्पिरिटांत भिजविलेल्या काकड्यानें बर्नर नीट तापवावा लागतो. घाई केली तर कच्चें रॉकेल वर येऊन भडका उडतो. हें काम मोठ्या माणसाच्या हातींच असावें. आजकाल शहरांत रॉकेल सहजासहजीं मिळत नाहीं, हीही एक अडचण आहे.

तिसरा प्रकार डब्यांतील गॅसवर चालणाऱ्या लहान शेगडीचा. चारपांच जणांच्या तुकडीस हीच सोयीची असें आमचें मत आहे. ती हलकी असते व ओलाव्यांत पेटते. डब्यांतील ब्यूटेन वायु शून्य अंशाच्या आसपासच्या थंडींत नीट वाफ होत नाहीं. पण ती अडचण हिमालयांत, मुळशीस नव्हे. वाऱ्यापासून आडोसा करावा, परंतु डब्याभोवतीं पत्रा गच्च गुंडाळूं नये. डबा तापून फुटण्याचें भय असतें. रिकामा डबा परत घरीं आणावा. आगगाडीनें जाणाऱ्यांनीं ध्यानांत ठेवावें कीं, गॅस व रॉकेल डब्यांतून नेण्यास रेल्वेची बंदी आहे.

इंधन किती न्यावें, याचें गणित सोपें आहे. एक लिटर पाणी वीस अंशांवरून उकळीस आणण्यास सुमारें ८० किलोकॅलरी उष्णता लागते. एका ग्रॅम रॉकेलांत सुमारें १० किलोकॅलरी असते. निम्मी उष्णता वाऱ्यावर गेली असें धरलें तरी १६ ग्रॅम पुरे. भांड्यावर झांकण ठेवणारा मुलगा यांतही बचत करितो.

आतां भट्टीविषयीं. कांहीं जण सहलीस पत्र्याची घडीची भट्टी नेतात. शेगडीची आंच खालूनच लागते. भाजणीस ती चोहोंकडून लागावी, हें भट्टीचें मर्म. पण आपल्या कोंकणांतील गृहिणी काकडीचें धोंडस जाड बुडाच्या पातेल्यांत, खालीं निखारे व झांकणावर निखारे ठेवून, कित्येक पिढ्या भाजीत आल्या आहेत. तेंच पातेलें आपली भट्टी. खालीं थोडे व वर अधिक निखारे ठेवावे, म्हणजे बूड करपत नाहीं. यासाठीं कोळशाची शेगडी लागते. आणि येथेंच आमच्या लेखांतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट येते.

एका पावसाळी सहलींत संध्याकाळीं सरींनीं आम्हांस तंबूंत कोंडलें. सर्वजण कुडकुडत होते. कोणीतरी म्हणालें, "शेगडी आंत घेऊं, ऊबही येईल." शेगडी उचललीही होती. इतक्यांत आमच्यांतील वडील माणसानें ती हातांतून घेतली व पावसांतच ठेवून दिली. त्या वेळीं आम्हांस राग आला; आज आम्ही त्यांचे ऋणी आहों. बंद जागेंत कोळसा, रॉकेल वा गॅस अपुऱ्या हवेंत जळला कीं कार्बन मोनॉक्साइड नांवाचा विषारी वायु निर्माण होतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील हिमोग्लोबिनाशीं तो प्राणवायूपेक्षां दोनशें पटींहून अधिक जोरानें जखडतो. आधीं डोकें दुखतें, मळमळतें, मग झोंप येते. आणि त्या झोंपेंतून जागें होणें नसतें. निखारे विझल्यासारखे दिसले तरी हा वायु निघतच असतो. म्हणून कोणतीही चूल तंबूंत, मोटारींत वा दारें लावलेल्या खोलींत पेटवूं नये. थंडी वाजली तर आणखी एक घोंगडी घ्यावी. कोणास वरील लक्षणें दिसलीं तर त्यास ताबडतोब उघड्या हवेंत न्यावें व डॉक्टरांस गांठावें.

शेवटीं एक विनंती. मुळशीच्या जलाशयाकांठीं बसून चहा घेतांना आठवावें कीं, या पाण्याखालीं कित्येक गांवांच्या चुली गेल्या आहेत. १९२१ ते १९२४ या काळांत सेनापति बापट यांच्या नेतृत्वाखालीं येथील मावळ्यांनीं सत्याग्रह केला, तरी धरण झालेंच. ज्यांचीं घरें गेलीं त्यांच्या भूमींत आपण पाहुणे आहों. पाहुण्यानें निघण्यापूर्वीं विस्तवावर पाणी ओतावें, राख थंड झाली कीं नाहीं हें हात लावून पाहावें, आणि मगच पाठीवर पिशवी घ्यावी.