‘प्रा. लि.’ लिहिलंय, पण नोंद कुठे आहे?

धानाची मळणी आटोपली की आरमोरी-वडसा रस्त्यावर पोत्यांनी लादलेले ट्रॅक्टर दिसू लागतात. सरकारी खरेदी केंद्रावर नंबर लागायला वेळ असतो आणि हातात पैसा तर आत्ताच हवा असतो. नेमका तेव्हाच एखादा व्यापारी दारात येतो : ‘आमची कंपनी आहे, पंधरा दिवसांत पैसे खात्यात.’ उन्हाळ्यात तेंदूपत्त्याचा हंगाम आला की ग्रामसभांपुढेही असेच ठेकेदार उभे राहतात. लेटरहेड छापील, शिक्का गोल, नावापुढे ‘प्रा. लि.’. हे खरे की खोटे ते मोबाइलवर तपासता येते, पण तपासतो कोण?

‘लिमिटेड’ या शब्दाने मालकाला मोठे संरक्षण मिळते. कंपनी बुडाली तर भागधारकाचे सहसा भागभांडवलच जाते. त्याच्या घराला, शेतीला देणेकरी हात लावू शकत नाहीत. या सवलतीच्या बदल्यात कायदा कंपनीला आपले कागद उघडे ठेवायला लावतो. कंपनी कायदा २०१३ च्या कलम ३९९ नुसार निबंधकाकडचे दस्तऐवज कोणीही पाहू शकतो. त्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज लागत नाही, कारणही द्यावे लागत नाही. उलट, नोंदणी न करता नावापुढे ‘लिमिटेड’ लावले तर कलम ४५३ नुसार दिवसाला ५०० ते २,००० रुपये दंड आहे.

पहिली तपासणी लेटरहेडवरच होते. कलम १२ प्रमाणे कंपनीने पत्रांवर आणि बिलांवर नाव व नोंदणीकृत पत्त्याबरोबर २१ अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक, म्हणजे ‘सीआयएन’, छापायलाच हवा. तो नसेल तर तिथेच थांबावे. असेल तर तो वाचता यायला हवा. सूरजागडच्या लोहखनिजामुळे गडचिरोलीत घरोघरी माहीत झालेल्या लॉइड्स मेटल्स अँड एनर्जी लिमिटेडचा क्रमांक घ्या : एल-४०३००-एमएच-१९७७-पीएलसी-०१९५९४. ‘एल’ म्हणजे शेअर बाजारात नोंदलेली; नसती तर ‘यू’ आले असते. ‘एमएच’ म्हणजे महाराष्ट्र, १९७७ हे स्थापनेचे साल, ‘पीएलसी’ म्हणजे पब्लिक लिमिटेड आणि शेवटचे सहा अंक निबंधकाकडचा नोंदणी क्रमांक. खासगी कंपनीला ‘पीटीसी’ लागते. मधले पाच अंक उद्योगाचे. ४० ने सुरू होणारा हा संकेतांक जुन्या वर्गीकरणात वीज, वायू, वाफ यांच्या पुरवठ्याचा आहे आणि कंपनी तर लोहखनिज काढते! म्हणजे कंपनी आज प्रत्यक्षात काय करते हे या पाच अंकांवरून ठरवता येत नाही.

दुसरी पायरी कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळाची. २००६ पासून ‘एमसीए २१’ या प्रकल्पात देशभरातल्या कंपन्यांच्या नोंदी ऑनलाइन आहेत. तिथे ‘मास्टर डेटा’त कंपनीचे नाव किंवा क्रमांक टाकला की मूळ माहिती फुकट मिळते. त्यात चार ओळी नीट वाचाव्यात. पहिली ‘स्टेटस’ची. ‘ॲक्टिव्ह’ असेल तर ठीक. ‘स्ट्राइक ऑफ’ असेल तर त्या कंपनीचे नाव निबंधकाने रजिस्टरमधून काढले आहे. एकट्या २०१७ सालात अशा दोन लाखांहून अधिक कंपन्यांची नावे काढली गेली. लेटरहेड मात्र त्यानंतरही छापता येतेच. दुसरी ओळ भरणा झालेल्या भांडवलाची. किमान एक लाखाची अट २०१५ मध्येच गेली. जिचे सगळे भांडवल दहा हजार आहे, ती चाळीस लाखांचे धान उधारीवर मागत असेल तर प्रश्न विचारायलाच हवा. तिसरी ओळ शेवटच्या ताळेबंदाच्या तारखेची. ती तीन-चार वर्षे जुनी असेल तर कंपनीने हिशेबच दिलेला नाही. चौथी संचालकांच्या नावांची. करारावर सही करणारा त्यात नसेल, तर त्याच्याकडे संचालक मंडळाचा ठराव मागावा. ताळेबंदासारखे मूळ कागद पाहायचे तर कंपनीमागे शंभर रुपये शुल्क पडते.

पण दारात येणारा प्रत्येक धंदा या रजिस्टरात सापडणार नाही. ‘अमुक अँड कंपनी’ ही बहुधा भागीदारी असते आणि तिची नोंद १९३२ च्या कायद्याखाली राज्याच्या भागीदारी संस्था निबंधकाकडे होते. आपल्याकडच्या दोन महामंडळांतही हा फरक आहे. धान खरेदी करणारे आदिवासी विकास महामंडळ ही सहकारी संस्था आहे. ब्रह्मपुरी, मार्कंडा भागात काम करणारे वन विकास महामंडळ मात्र १९७४ साली स्थापन झालेली सरकारी कंपनी आहे.

व्यापाऱ्याने जीएसटी क्रमांक दिला असेल तर आणखी सोपे. महाराष्ट्रातला क्रमांक २७ ने सुरू होतो, पुढची दहा अक्षरे पॅनची असतात. पूर्ण जीएसटी क्रमांकातले डावीकडून सहावे अक्षर पाहा : ‘सी’ म्हणजे कंपनी, ‘एफ’ म्हणजे भागीदारी, ‘पी’ म्हणजे एकटा माणूस. ‘आमची कंपनी’ म्हणणाऱ्याच्या क्रमांकात तिथे ‘पी’ निघाला, तर तो कंपनी नाही. एकट्या माणसाशी व्यवहार करू नये असे नाही. पण उद्या फिर्याद कोणावर करायची हे आजच कळलेले बरे.

हे सगळे जुळले तरी एक गल्लत राहते. नोंदणी म्हणजे जन्मदाखला, चारित्र्याचा दाखला नव्हे. पर्ल्स नावाने ओळखली जाणारी पीएसीएल रीतसर नोंदलेलीच होती. तरीही शेतजमिनीच्या नावाखाली तिने ५ कोटी ८५ लाख ग्राहकांकडून ४९,१०० कोटी रुपये गोळा केले आणि २०१४ च्या ऑगस्टमध्ये ‘सेबी’ने ते परत करायचा आदेश दिला. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परताव्यासाठी न्या. लोढा समिती नेमली. एजंट दाखवत होते ते स्थापनेचे प्रमाणपत्र. लोकांकडून पैसे गोळा करायचे तर वेगळी परवानगी लागते. ती आहे का, हे रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ पोर्टलवर पाहता येते.

म्हणून ग्रामसभेने तेंदूपत्त्याचा करार करताना किंवा शेतकरी गटाने धान देताना ठेकेदाराचे नुसते नाव लिहून भागणार नाही. सीआयएन, पॅन, नोंदणीकृत पत्ता आणि सही करणाऱ्याचे पद करारात यावे. ‘मास्टर डेटा’ची त्या दिवशीची प्रिंट ठरावाला जोडावी. पैसे बुडणारच नाहीत, अशी हमी हा कागद देत नाही. पण ठेकेदार फोन उचलेनासा झाला, तर नोटीस कोणत्या पत्त्यावर आणि कोणाच्या नावाने काढायची, हे त्यावर लिहिलेले असेल.