मराठा फौज: बखरीतली आणि कागदांतली

मराठा फौज म्हटले की डोंगरी घोडेस्वार, अचानक छापा आणि धुळीत नाहीसा होणारा शत्रू एवढेच चित्र डोळ्यांपुढे येते. ‘गनिमी कावा’ या शब्दातच त्याचे मूळ आहे. गनीम म्हणजे शत्रू. मोगल कागदांत हा शब्द मराठ्यांसाठी वापरला जाई आणि त्यांच्या लढण्याच्या रीतीलाही तेच नाव चिकटले. पण कावा हे फौजेच्या अनेक साधनांपैकी एक होते. सभासदाची बखर शिवकालीन पागेची उतरंड नेमकी सांगते. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांचा एक जुमला, दहा जुमल्यांवर एक हजारी, आणि दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. पाणी आणि नाल यांचा हिशेब ठेवणारे सैन्य म्हणजे लुटारूंची टोळी नव्हे.

बारगीर आणि शिलेदार यांच्यातला फरकही बहुधा विसरला जातो. बारगिराचा घोडा सरकारी, शिलेदाराचा स्वतःचा. घोडा पडला की शिलेदाराची रोजीरोटी गेली. समोरासमोरची झुंज टाळण्यामागे डावपेच होते तसा हा रोकडा हिशेबही होता.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तर फौजेचे रूपच पालटले. पानिपतावर, 14 जानेवारी 1761 रोजी, इब्राहिमखान गारदीच्या कवायती पायदळाने रोहिल्यांची मोठी हानी केली. हा सरदार फ्रेंच सेनानी बुसीच्या पद्धतीत तयार होऊन निजामाच्या चाकरीतून मराठ्यांकडे आलेला. पुढे महादजी शिंद्यांनी युरोपीय सेनानी द बॉयनच्या हाताखाली कवायती पलटणींचे कंपू उभे केले आणि 1790 मध्ये पाटण व मेडता येथे ते जिंकले. जालना जिल्ह्यातील असई येथे 23 सप्टेंबर 1803 रोजी शिंद्यांच्या तोफांनी आणि पलटणींनी इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेतले पंधराशेंहून अधिक लोक मारले किंवा जखमी केले. लढाई मराठे हरले, पण छापे घालून पळणाऱ्या फौजेची ही लढाई नव्हती. कवायती सैन्य उभारणे ही चूक होती की तो अपुरा राहिलेला बदल होता, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. दुसरे मत अधिक पटण्याजोगे आहे.

‘मराठा फौज’ म्हणजे एकाच जातीची वा धर्माची फौज, हा समज याहून कच्चा. शिवाजी महाराजांच्या पायदळाचा सुरुवातीचा सरनोबत नूरखान बेग होता, आरमारात दौलतखान होता. पेशवाईत गारदी, अरब, सिद्दी, पुरभय्ये अशी भरती होती. पगार थकला तर हीच माणसे धन्याच्या दारात धरणे धरीत. 1773 मध्ये गारद्यांनी केलेल्या नारायणराव पेशव्यांच्या खुनाने ‘गारदी’ हा शब्द कायमचा बदनाम झाला.

आकड्यांचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. पानिपतात ‘लाख बांगडी फुटली’ असे आजही म्हटले जाते आणि ऐकणारा लाख सैनिक मोजतो. पण छावणीत लढणाऱ्यांखेरीज बुणगे, व्यापारी, यात्रेकरू आणि बायकामुले होती. ‘बाजारबुणगे’ हा शब्द आता शिवी झाला आहे, तरी वैरण, दाणा आणि बाजार त्यांच्यावाचून चालत नसे. उत्तरकालीन रोमन सैन्याच्या अभ्यासकांनाही हेच कोडे पडले. सहाव्या शतकातला इतिहासकार अगाथियस सांगतो की पूर्वीची फौज 6,45,000 होती आणि जस्टिनियनच्या काळी जेमतेम 1,50,000 उरली. जोहानिस लिडस डायोक्लिशियनच्या काळासाठी आरमार धरून 4,35,266 असा आकडा देतो. हे कागदावरचे संख्याबळ की हजर शिपाई, हे ठरवायला अभ्यासक इजिप्तमधल्या पपायरसांकडे वळले. तिथे अबिनेयस नावाच्या एका ठाणेदाराच्या दप्तरातून चौथ्या शतकातल्या ठाण्याचे रोजचे व्यवहार दिसतात. दरबारी ग्रंथापेक्षा ठाण्याचा कागद अनेकदा अधिक बोलतो.

मराठा फौजेचा इतिहास एकट्या विद्वानाने पुण्यात बसून लिहिला, हा शेवटचा गैरसमज. इतिहास संशोधक वि. का. राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड 1898 मध्ये काढला. 1910 मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. पेशवे दप्तरातले तीस हजारांहून अधिक रुमाल, म्हणजे कागदांची गाठोडी, एका माणसाच्या आयुष्यात वाचून होणारे नव्हते. गो. स. सरदेसाईंनी साहाय्यकांसह त्यातून निवड करून 1930 ते 1934 दरम्यान 45 खंड छापले. फारसीसाठी त्यांना जदुनाथ सरकारांची साथ होती. पुणे रेसिडेन्सीच्या इंग्रजी पत्रव्यवहाराच्या मालेचे दोघेही संपादक होते. सुरेंद्रनाथ सेन यांचा मराठ्यांच्या लष्करी व्यवस्थेवरचा ग्रंथ 1928 मध्ये निघाला. गोव्यात पांडुरंग पिसुर्लेकरांनी पोर्तुगीज कागद उघडले. पानिपताचा एक महत्त्वाचा वृत्तांत तर अवधचा नवाब शुजाउद्दौला याच्या पदरी असलेल्या काशीराज या मराठी ब्राह्मणाने फारसीत लिहिला आहे. नुसती मोडी वाचणाऱ्याला तो एकट्याने उलगडत नाही. हे सहकार्य नेहमी गोडीगुलाबीचे होते असेही नाही. सरदेसाईंच्या निवडीवर पुण्यातल्या संशोधकांनी टीका केलीच.

समोरच्या, म्हणजे मोगलांच्या बाजूचे कागद हैदराबादला आहेत.   तिथल्या अभिलेखागारात शाहजहान आणि औरंगजेब यांच्या दख्खनमधल्या कारभाराचे लाखाहून अधिक फारसी कागद आहेत. त्यात ‘अर्ज-ओ-चेहरा’ नावाचे हजेरीपट आहेत. शिपायाच्या चेहऱ्याच्या आणि घोड्याच्या खुणा त्यांत नोंदलेल्या, म्हणजे भाड्याचा घोडा दाखवून किंवा दुसराच माणूस उभा करून पगार लाटता येऊ नये.