ॲम्प्लिफायर डिकीत, धोका बॉनेटखाली

प्रतिनिधी

नवी गाडी दारात आली की पेढे वाटून होतात, सीटकव्हर चढतात आणि महिन्या-दोन महिन्यांत अनेकांना एक उणीव जाणवू लागते. कंपनीने दिलेल्या म्युझिक सिस्टीमचा आवाज वाढविला की गाणे खुलण्याऐवजी फाटू लागते. मग ॲक्सेसरीजच्या दुकानाची पायरी चढली जाते. मुंबईत कालिन्याचा सीएसटी रोड असो वा अन्य शहरातील असाच एखादा रस्ता, गिऱ्हाईक आणि दुकानदार यांच्यातील सारी घासाघीस चालते ती वॉट आणि किमतीवर. बॅटरीपासून डिकीपर्यंत जाणारी लाल वायर कोणत्या धातूची आहे आणि तिचा फ्यूज नेमका कोठे बसणार, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. खरे तर गाडीच्या सुरक्षिततेचा बहुतेक हिशेब त्या एका वायरीतच दडलेला आहे.

मारुती ८०० ही १९८३ साली रस्त्यावर आली, त्यानंतरचा बराच काळ छोट्या गाड्या म्युझिक सिस्टीमविनाच विकल्या जात. डॅशबोर्डवरील ठराविक मापाच्या खाचेत आपल्या आवडीचा डेक बसवून घेण्याची तेव्हा मुभा होती. आजची स्थिती निराळी आहे. रिव्हर्स कॅमेरा, एसीची बटणे, स्टीअरिंगवरील कळा, सारे काही त्या टचस्क्रीनशी जोडलेले असते. ती काढून टाकणे व्यवहार्य राहिलेले नाही. त्यामुळे मूळ सेट जागेवर ठेवून त्याच्या पाठीशी बाहेरचा ॲम्प्लिफायर जोडणे, हा मार्ग रूढ झाला आहे.

‘५० वॉट गुणिले ४’चे कोडे

अनेक डेकवर ‘५० वॉट गुणिले ४’ असे छापलेले असते. मग वेगळ्या ॲम्प्लिफायरची गरजच काय, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर शालेय भौतिकशास्त्रात मिळते. इंजिन चालू असताना गाडीतील विद्युतदाब १४.४ व्होल्टच्या आसपास असतो आणि स्पीकरचा रोध बहुधा ४ ओहम असतो. दाबाच्या वर्गाला रोधाने भागले की जवळपास ५२ वॉट येतात. हाच तो छापील आकडा! परंतु इतकी शक्ती मिळते ती ध्वनिलहरीचे माथे सपाट कापले जाऊन ती चौकोनी झाल्यावर, म्हणजेच आवाज पुरता फाटल्यावर. स्वच्छ लहरीसाठी हा आकडा निम्म्यावर, २६ वॉटवर येतो आणि डेकमधील चिपची घट वजा जाता हाती १८ ते २० वॉट उरतात.

बाहेरच्या ॲम्प्लिफायरमध्ये स्वतःचा वीजपुरवठा विभाग असतो. तो बॅटरीचा दाब आधी २५-३० व्होल्टपर्यंत चढवितो, तोही धन आणि ऋण अशा दोन्ही बाजूंना. लहरीला उंच जाण्यास जागा मिळते आणि म्हणूनच त्याच आवाजात गाणे मोकळे वाटते. मात्र ही जादा शक्ती आभाळातून येत नाही. ती बॅटरी आणि अल्टरनेटरकडूनच ओढली जाते.

लाल वायरीचे गणित

चार चॅनेलचा, दर चॅनेलला खरोखर ७५ वॉट देणारा ॲम्प्लिफायर घेऊ. एकूण ३०० वॉट झाले. त्याची कार्यक्षमता ६० टक्के धरली तर तो बॅटरीकडून ५०० वॉट घेईल, म्हणजे १३.८ व्होल्टला सुमारे ३६ अँपिअर. घरातला दोन किलोवॉटचा गीझर ९ अँपिअरही घेत नाही, हे ध्यानात घेतले म्हणजे या वायरीवरचा भार लक्षात येतो. गाण्यात प्रवाह सतत एवढा राहत नाही, ढोल-ताशाच्या ठोक्याला तो उसळतो आणि पुन्हा खाली येतो. तरीही वायर निवडायची ती या उसळीला पुरेल अशीच.

तांब्याच्या ८ गेजच्या, म्हणजे सुमारे ८.४ चौरस मिलिमीटर छेदाच्या पाच मीटर वायरीत ३६ अँपिअरला सुमारे ०.३७ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात. ४ गेजमध्ये ही घट ०.१५ व्होल्टवर येते. बाजारातील अनेक स्वस्त किटमधील वायर मात्र तांब्याची नसते. ती ॲल्युमिनियमची असून वर तांब्याचा पातळ मुलामा असतो. तिची वहनक्षमता त्याच जाडीच्या तांब्याच्या जेमतेम दोन तृतीयांश असते. तिचा एक धागा चाकूने खरवडून पाहावा, आत चंदेरी रंग दिसला तर ते ॲल्युमिनियम होय. शिवाय ती हातात घेतल्यावर लक्षात येण्याइतकी हलकी लागते. काही विक्रेते जाड वेष्टनाचे वळसे दाखवून गेजची बढाई मारतात. वेष्टन विजेच्या दृष्टीने काहीच वाहत नाही, हे वेगळे सांगायला नको.

आता फ्यूजविषयी. ‘ॲम्प्लिफायरलाच फ्यूज आहे, वेगळा कशाला?’ हा युक्तिवाद सर्रास ऐकू येतो आणि तो धोकादायक आहे. ॲम्प्लिफायरवरचा फ्यूज ॲम्प्लिफायरसाठी असतो, बॅटरीजवळचा फ्यूज वायरीसाठी. ही वायर इंजिन आणि केबिन यांच्यामधील पत्र्यातून, दाराच्या पट्टीखालून, सीटच्या रुळांशेजारून जाते. भोकात रबरी ग्रोमेट नसेल तर गाडीच्या कंपनांनी पत्र्याची धार वेष्टन झिजवीत राहते. एके दिवशी तांबे पत्र्याला टेकते. गाडीची बॉडी हीच ऋण बाजू असल्याने तो थेट शॉर्ट असतो. स्टार्टर फिरविण्यासाठी बनलेली बॅटरी अशा वेळी शेकडो अँपिअर ओतू शकते. हा प्रवाह डिकीपर्यंत पोहोचतच नाही, तो वाटेतच पत्र्यात उतरतो. साहजिकच डिकीतील फ्यूज शाबूत राहतो आणि वायर मात्र हीटरच्या तारेसारखी तापून आपले वेष्टन व शेजारचा गालिचा पेटवू शकते.

म्हणूनच बॅटरीपासून फार तर दीड फुटाच्या आत फ्यूज हवा, हा या व्यवसायातील सर्वमान्य नियम आहे. वरील उदाहरणात ४० अँपिअरचा फ्यूज पुरेसा ठरतो. तो वारंवार उडतो म्हणून ८० अँपिअरचा घालणे म्हणजे पहारेकऱ्याला झोपेची गोळी देणे.

सिग्नल घ्यायचा कोठून?

कंपनीच्या सेटला ॲम्प्लिफायरसाठी वेगळी आरसीए सॉकेट बहुधा नसतात. त्यामुळे सिग्नल स्पीकरच्या वायरींमधूनच घ्यावा लागतो. अलीकडील अनेक ॲम्प्लिफायर तो थेट स्वीकारतात, अन्यथा मध्ये एक कन्व्हर्टर लावून त्याची पातळी कमी केली जाते. येथे एक खुबी आहे. डेकच्या स्पीकर वायरींपैकी कोणतीही अर्थ नसते. दोन्हींवर बॅटरीच्या निम्मा, सहा-सात व्होल्टचा स्थिर दाब असतो आणि गाणे त्यावर स्वार झालेले असते. ‘मायनस’ समजून त्यातील एक वायर बॉडीला जोडली तर डेकची चिप निकामी होऊ शकते.

याहून अवघड भाग सॉफ्टवेअरचा. छोटे स्पीकर फाटू नयेत म्हणून अनेक सेट आवाज वाढत जाईल तसा बास आपणहून कमी करतात. ॲम्प्लिफायर मग हाच कातरलेला सिग्नल इमानाने मोठा करतो आणि मालक म्हणतो, वूफर लावूनही दम नाही! यावर डीएसपी असलेला ॲम्प्लिफायर हा उपाय आहे, अर्थात खर्च वाढतो. इंजिनाचा गुणगुणाट स्पीकरमधून उलट लहर सोडून शमविणारी यंत्रणा काही गाड्यांत असते. नव्या ॲम्प्लिफायरने तिचे संतुलन बिघडले तर गाणे बंद असतानाही केबिनमध्ये घुमारा उठतो. काही गाड्यांत पार्किंग सेन्सरचा इशाराही पुढच्या स्पीकरमधूनच येतो, तो शाबूत राहील ना, हे आधीच विचारावे. फायबर ऑप्टिकवरून डिजिटल सिग्नल नेणाऱ्या महागड्या गाड्यांत तर सेटपाशी टोचण्याजोगी वायरच नसते. २००१ च्या बीएमडब्ल्यू ७ सीरिजपासून हा प्रकार प्रचलित झाला.

अर्थची वायर आखूड असावी आणि रंग खरवडून उघड्या पत्र्यावर घट्ट आवळलेली असावी. ती सैल असेल, किंवा सिग्नलची वायर पॉवरच्या वायरीला चिकटून नेली असेल, तर ॲक्सिलरेटर दाबताच स्पीकरमधून शिट्टीसारखा आवाज चढत जातो.

वॉरंटी आणि विमा

जोडणी करताना मूळ हार्नेस कापू देऊ नये. गाडीच्या कपलरमध्ये मधोमध बसणारे तयार कपलर मिळतात. त्यांना पैसे जास्त पडतात, पण उद्या ते काढले की गाडी पूर्ववत होते. कापून टेप गुंडाळलेला जोड सर्व्हिस सेंटरला दिसला, तर त्या सर्किटशी निगडित दोषाची वॉरंटी नाकारण्यास कंपनीला आयता आधार मिळतो. पिवळ्या कपलरला तर हात लावू देऊच नये, ते बहुधा एअरबॅगचे असते. इलेक्ट्रिक गाडीत नारिंगी केबल हा असाच निषिद्ध प्रदेश. तेथे ॲम्प्लिफायर चालतो तो छोट्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर आणि तिला भरणाऱ्या कन्व्हर्टरची मर्यादा तपासूनच.

विम्याच्या बाबतीत मोटार टॅरिफमधील आयएमटी २४ हे कलम पाहण्यासारखे आहे. गाडीच्या मूळ किमतीत समाविष्ट नसलेले विद्युत साहित्य जादा हप्ता भरून पॉलिसीत नोंदविण्याची सोय त्यात आहे. टॅरिफमध्ये हा हप्ता साहित्याच्या किमतीच्या ४ टक्के होता. बिल जपून ठेवावे आणि नोंद करून घ्यावी.

गाडी ताब्यात घेण्यापूर्वी आणखी एक चाचणी दुकानातच करता येते. ॲम्प्लिफायर चालू-बंद करणारी बारीक वायर चुकून कायमच्या प्लसला जोडली गेली, तर तो रात्रंदिवस जागा राहतो. अशा स्थितीत त्याने एक अँपिअर जरी घेतला, तरी दिवसाला २४ अँपिअर-तास जातात आणि हॅचबॅकची बॅटरी असते साधारण ३५ ची. तेव्हा गाडी बंद करून, कुलूप लावून अर्धा तास थांबावे आणि बॅटरीच्या टोकाशी मीटर लावून प्रवाह मोजायला सांगावे. काटा ५० मिलिअँपिअरच्या खाली असेल तर पैसे चुकते करण्यास हरकत नाही.