'कॅन', 'मे' आणि त्यांचे उत्तरेकडचे भाऊबंद

मित्रांनो, विषय व्याकरणाचा आहे म्हणून पान उलटू नका. परीक्षेला नाहीये!

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये कुणी 'कॅन आय कम इन?' म्हटलं, की सिस्टर त्याला दारातच उभं करायच्या. 'कॅन' म्हणजे ताकद, 'मे' म्हणजे परवानगी, हे डोक्यात पक्कं बसलेलं. गेल्या वर्षी मावसबहीण एम.एस.साठी स्वीडनला निघाली, तेव्हा आणलेलं स्वीडिशचं पुस्तक माझ्याकडेच राहिलं. सबमिशन सोडून मी तेच वाचत बसले.

स्वीडिशमध्ये वर्तमानकाळात क्रियापदाच्या शेवटी बहुतेक वेळा 'र' येतो. कोमेर म्हणजे येतो, लेसेर म्हणजे वाचतो. पण 'कान' (शकतो) आणि 'स्का' (करणार) यांना तो 'र' नाही. कारण ही रूपं मुळात भूतकाळाची! 'शिकलो' म्हणजेच 'आता येतं', असा अर्थ सरकत गेला. जुन्या नॉर्स भाषेत 'कुन्ना' म्हणजे माहीत असणं. आजही 'याग कान स्वेन्स्का' म्हणजे 'मला स्वीडिश येतं'. दुसरं क्रियापद लागतच नाही, अगदी आपल्या 'येतं'सारखं.

याच जातीचं 'वेत', म्हणजे 'माहीत आहे'. मुळात 'पाहिलंय, म्हणून माहीत आहे'. दहावीला संस्कृत घेतलेल्यांनो, आपलं 'वेद' (तो जाणतो) हे त्याचं सख्खं भावंड. तिथेही प्रत्यय भूतकाळाचे आणि अर्थ वर्तमानाचा!

'स्का'चा मूळ अर्थ 'देणं लागणं'. स्वीडिशमध्ये 'स्कुल्ड' म्हणजे अजूनही कर्ज. देणं आहे म्हणजे करायलाच हवं, आणि करायला हवं म्हणजे पुढे करणार, असा तो भविष्यकाळात पोचला. (कँटीनच्या वहीत नाव असलेल्यांनी नोंद घ्यावी.) इंग्रजी 'शॅल' त्याच घरातला.

'मोस्ते', म्हणजे 'लागतं', हा मात्र पाहुणा. मध्ययुगात हान्सा संघाचे जर्मन व्यापारी स्टॉकहोम, विस्बी इथे येऊन राहिले, त्यांच्या लो जर्मनमधून तो आला. काल जावं लागलं आणि आज जावं लागतं, दोन्हीकडे 'मोस्ते'च. परवानगीसाठी 'फोर', म्हणजे चक्क 'मिळतं'. आपण नाही का म्हणत, रात्री दहानंतर बाहेर जायला मिळत नाही?

आता सिस्टरांचा लाडका 'मे'. त्याचा नॉर्स भाऊ 'मेगा', आणि दोघांचाही जुना अर्थ ताकद असणं! इंग्रजीत 'माइट' म्हणजे बळ, ते तिथूनच. म्हणजे वर्गाच्या दारात आम्ही आधी ज्ञान विचारत होतो आणि नंतर बळ. परवानगी कुणीच नाही.

'मेगा'पासून झालेल्या 'मो'ची खरी गंमत डेन्मार्क आणि नॉर्वेत आहे. 'डू मो गो' दोन्हीकडे सारखंच लिहितात. नॉर्वेजियन माणसाला त्यातून 'तुला गेलंच पाहिजे' असं कळतं, डॅनिशमध्ये त्याचा अर्थ 'तू जाऊ शकतोस' असाही होतो. नकार जोडला की मात्र दोघांचं एकमत: सक्त मनाई!