आंग्र्यांच्या गुराबा

आमच्या काष्टीला समुद्र नाही. आमचा लौकिक बैलबाजाराचा. पण या बाजारात जाणता शेतकरी बैल पारखताना आधी आपले रान आठवतो, नुसत्या शिंगांवर आणि वशिंडावर भाळत नाही. खोल काळ्या जमिनीचा बैल वेगळा, माळरानाचा वेगळा. युद्धनौकेचेही तसेच आहे. ती कोणत्या पाण्यात आणि कोणाशी झुंजायची, हे ठरवूनच सुताराने लाकडाला हात घालायचा असतो. अठराव्या शतकात आंग्र्यांच्या सुतारांनी हा हिशेब नेमका केला होता, आणि त्या हिशेबाचे नाव गुराब.

शब्द मूळचा अरबी, अर्थ डोमकावळा. गुराब दोन किंवा तीन डोलकाठ्यांची असे, आणि तिचे वजन साधारण दीडशे ते तीनशे टन. लांबीच्या मानाने ती रुंद, मध्यापासून दोन्ही टोकांकडे निमुळती होत गेलेली, आणि पुढे लांब चोचीसारखी नाळ. विलायती जहाजाच्या तोफा मुख्यतः दोन्ही कुशींना असत. गुराबेच्या कुशींनाही लहान तोफा होत्या. पण तिचा खरा दंश पुढे होता. नाळेमागच्या आडव्या लाकडी भिंतीत दोन झरोके ठेवून तेथून नऊ किंवा बारा रतली गोळ्याच्या दोन तोफा थेट पुढे रोखलेल्या असत. निमुळत्या बांधणीमुळे समोरच्या लाटांत ती फार डुचमळे आणि नाळेवर पाणी येई. परंतु ही भिंत आड असल्याने ते पाणी आत न शिरता बाहेरच्या बाहेर वाहून जाई.

गुराब एकटी मात्र कधी लढत नसे. तिच्या संगतीला गलबते असत. ती क्वचितच सत्तर टनांहून मोठी. दोन डोलकाठ्या, एक मोठे तिकोनी शीड, आणि चाळीस-पन्नास वल्ही. मुंबईहून निघालेले कंपनीचे जहाज वारा पडल्यावर जागच्या जागी लोळत राही, तेव्हा गलबते गुराबांना दोर लावून त्याच्या पिछाडीशी ओढून आणीत. त्या बाजूला जहाजाच्या तोफा थोड्या. गुराबा नाळेवरच्या तोफांनी त्याच्या डोलकाठ्या पाडीत आणि ते लुळे झाले, की गलबतांतून शेकडो माणसे तलवारी उपसून चोहोंकडून वर चढत. रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने हे सारे बारकाईने लिहून ठेवले आहे. आंग्र्यांना चाचे म्हणणाऱ्यांनाही त्यांच्या नौकांची दखल घ्यावी लागली.

लहान नौकेने मोठीला लोळवावे, हा विचार पुढेही मेलेला नाही. १९२२ च्या वॉशिंग्टन कराराने जपानच्या मोठ्या युद्धनौकांवर मर्यादा आली. त्यानंतर त्याने ‘फुबुकी’ वर्गाच्या विनाशिका बांधल्या : हलका सांगाडा, वर सहा तोफा आणि पाणतीर सोडणाऱ्या नऊ नळ्या. हव्यास थोडा जास्त झाला. १९३५ च्या तुफानात त्यांतल्या दोघींच्या नाळा तुटून गेल्या आणि पुढे साऱ्यांची बळकटी करावी लागली. तरी मूळचा हिशेब खोटा नव्हता. ३० नोव्हेंबर १९४२ च्या रात्री तासाफरोंगापाशी आठ जपानी विनाशिकांनी पाणतीरांच्या बळावर एक अमेरिकन क्रूझर बुडवली, तिघींना लुळे केले आणि आपली एक गमावली.

लहान नौकेची ताकद तिच्या चपळाईत आणि संगतीत असते. संगत तुटली की ती नुसते लाकूड. हा धडा आपल्या किनाऱ्यावर दोनदा लिहिला गेला, एकदा सुलट आणि एकदा उलट.

१७२१ च्या डिसेंबरात इंग्रज आणि पोर्तुगीज एक होऊन कुलाब्यावर चालून आले. कान्होजी आंग्र्यांच्या पाठीशी तेव्हा घाटावरचे घोडदळ उभे राहिले. शाहू महाराजांनी पिलाजी जाधवांना धाडले, पाठोपाठ स्वतः बाजीराव आला. शत्रूची ती स्वारी फसली.

पस्तीस वर्षांनी चित्र पालटले. तुळाजी आंग्रे पेशव्यांना जुमानीना, म्हणून नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांशी हात मिळवला. १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग पडला. १२ फेब्रुवारी १७५६ रोजी अॅडमिरल वॉटसनचे आरमार विजयदुर्गाच्या खाडीत शिरले. बरोबर क्लाइव्हची फौज होती, आणि जमिनीवर पेशव्यांचे सैन्य. मोकळ्या पाण्यात चपळाईवर जगणाऱ्या गुराबा त्या दिवशी किल्ल्याच्या आडोशाला एकमेकींना बांधून ठेवलेल्या होत्या. दुपारी चारच्या सुमारास ‘रेस्टोरेशन’ नावाच्या जहाजावर एक पेटता गोळा पडला. हे जहाज तुळाजीने कंपनीकडूनच जिंकून आणलेले. त्याची आग शेजारणीला, तिची पुढचीला लागली, आणि पाहता पाहता सारे आरमार पेटले. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. तुळाजीचे उरलेले आयुष्य पेशव्यांच्या कैदेत गेले.

तुळाजी साधुसंत नव्हता. त्याने आपल्या लोकांनाही पुष्कळ दुखवले होते. विजयदुर्ग पुढे बाणकोटच्या बदल्यात पेशव्यांकडे आला, आणि १७८३ मध्ये आनंदराव धुळपांनी ‘रेंजर’ हे इंग्रजी जहाज रत्नागिरीजवळ पकडून मराठी आरमारात अजून धुगधुगी असल्याचे दाखवले. परंतु मुंबईला धाक घालणारे ते आंग्र्यांचे आरमार पुन्हा झाले नाही.

विजयदुर्गाजवळ गिर्ये येथे आंग्र्यांच्या गोदीचे अवशेष आहेत. कोकणातला माणूस ते पाहून हळहळतो. आम्हा घाटावरच्यांना नुसते हळहळून सुटता येणार नाही. गुराबेच्या बांधणीत खोट नव्हती. जे रान आपण कधी नांगरले नाही, त्या रानातला बैल आपण भाऊबंदकीच्या रागात परक्याच्या हाती मारवला. १७२१ साली घाट उतरून गेलेले घोडदळ आपलेच होते, आणि १७५६ सालचे सैन्यही आपलेच.